कराची एका वितीवर

मोहपाड्याच्या तानी उराडेबद्दल सगळ्या पाड्याची एकच तक्रार होती, ती म्हणजे ही बाई रडत नाही. नवरा परमुलखात तुरुंगात, त्याची धड खबर नाही, आणि ही आपली सकाळी उठून झाडू मारते, भाकऱ्या थापते, कोणी टोमणा मारला तर सवाई टोमणा मारते. रडली असती तर चार बायका जवळ येऊन बसल्या असत्या, पदराने डोळे पुसले असते आणि आपापल्या घरी गेल्या असत्या. सगळ्यांचीच सोय झाली असती. पण तानी पडली एक नंबरची हट्टी. “रडू कशाला? तो काय मेलाय?” असं म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची.

मोहपाडा मनोरच्या पलीकडे, हायवे सोडून डोंगराला लागलं की येतो. शेती पावसाच्या भरवशावर, आणि पावसाचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून इथली तरणी माणसं खाली उतरतात. कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी बोईसरच्या कारखान्यात, आणि ज्याला पाण्याची भीती नाही तो गुजरातच्या मच्छीमार बोटीवर खलाशी म्हणून चढतो. तानीच्या अंकुशला डोंगरात वाढून पाण्याची भीती कशी नव्हती, देव जाणे. पठ्ठ्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दातिवऱ्याला सुकी मासळी आणायला गेला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा पाहिला तो थेट ओख्याच्या बोटीवरून.

गेल्याच्या गेल्या मोसमात त्याची बोट मासळीच्या मागे मागे लांब गेली. पलीकडच्या गस्तीच्या बोटीने ती धरली आणि सगळ्या खलाशांना कराचीला नेऊन तुरुंगात घातलं. पाड्यात ही बातमी आली तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की कराची आहे कुठे? कोणी म्हणालं दिल्लीच्या पुढे. कोणी म्हणालं वाळवंटात. अंकुशचा बाप, गोमा, दोन दिवस नुसता उंबऱ्यात बसून होता. तानीला वाटायचं, जिथून माणूस हाकेला ओ देत नाही ती जागा आपल्या पृथ्वीवर असूच शकत नाही. तिथला सूर्य वेगळा असेल, चांदही वेगळा असेल. सुरुवातीला अंकुशची एक चिठ्ठी आली, बरा हाय म्हणून. मग काहीच नाही.

या पावसाळ्यात शेजारच्या पाड्याचा सुका त्याच तुरुंगातून सुटून आला. बिचारा हाडांचा सापळा होऊन आला होता. गोमा आणि तानी त्याला भेटायला गेले. सुकाने खाली बघत सांगितलं, की अंकुशला खोकला धरला होता, ताप उतरत नव्हता, एका सकाळी त्याला दवाखान्यात नेलं. “मी सुटलो तवर तो काय परत बराकीत आला नाय. पुढचं मला ठाव नाय.”

सुका एवढंच बोलला. पण बातमीला पाय फुटायला किती वेळ लागतो? सुकाच्या अंगणातून निघाली तेव्हा अंकुश दवाखान्यात होता, ओहोळ ओलांडेपर्यंत तो अत्यवस्थ झाला, आणि मोहपाड्यात पोचली तेव्हा त्याला पुरूनसुद्धा झालं होतं. पराचा कावळा म्हणतात तो असा. तालुक्याच्या कचेरीत तानी दोनदा जाऊन आली. तिथे म्हणाले, यादीत नाव आहे, त्यापलीकडे आम्हाला माहिती नाही. खोटं कशाला बोला, त्यांच्याकडे खरंच नव्हती.

भात कापून झालं तशी गोमाने गोष्ट काढली. अंकुशचे दिवस घालायचे. भगताला बोलवायचं, जे काय विधी असतात ते करायचे, आणि पोराचा जीव मोकळा करायचा, नाहीतर तो बिचारा परमुलखात अधांतरी भटकत राहील. तेही पाडा वीटभट्ट्यांवर पांगायच्या आत, म्हणजे चार माणसं असतील. गुरुवार ठरला. दिवस घातले की तानीने गळ्यातली काळी पोत काढायची आणि तिसरीतल्या चिमीने बाप नसलेली पोर म्हणून मिरवायचं. तानी म्हणाली, “मला पटत नाय.” गोमा म्हणाला, “पोरगा माझा हाय. तुझ्या पटण्यावर नाय ठरत.” आणि वर सांगितलं, की गुरुवारी मी स्वतः शाळेत येतो, तुला न् चिमीला घेऊन जातो.

शाळा म्हणजे आश्रमशाळा, पालघरच्या रस्त्याला लागून. चिमी तिथे राहून शिकायची आणि तानी तिथेच कामाठी होती. कामाठी म्हणजे स्वयंपाक, भांडी, झाडलोट, आणि रात्री कोणा पोरीला आईची आठवण आली तर तिला थोपटणं, हे सगळं. शंभरावर पोरांच्या भाकऱ्या भाजायच्या. गॅसची शेगडी होती, पण सिलिंडर संपला की मागच्या पडवीतली चूल पेटायची. सिलिंडर बहुतेक वेळा संपलेलाच असायचा.

शाळेत विज्ञान शिकवायला स्नेहलबाई होत्या. केळव्याकडच्या, बागायतदाराच्या घरातल्या, वयाने तानीहून लहान. बाईंना कशाकशाचं वेड असावं त्याला मर्यादा नव्हती. बेडकाची अंडी काय आणतील, जुना पंखा उघडून पोरांना काय दाखवतील. यंदा विज्ञान मेळाव्यासाठी त्यांनी एक मोठा फ्लेक्स छापून आणला. रात्रीची पृथ्वी आभाळाच्याही वरून कशी दिसते, त्याचा फोटो. बोईसरच्या ज्या दुकानात तो छापला तिथे एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छा छापतात. छापणारा भैया पडद्याकडे बघून म्हणाला होता, “मॅडम, इसमें फोटो किधर है? सब काला ही काला है.” बाई म्हणाल्या, तसंच छापा. तेव्हा तो म्हणाला, निदान कोपऱ्यात सरपंचाचा तरी टाकू का? एवढी जागा फुकट जातेय.

एवढा मोठा फ्लेक्स लावायला भिंत एकच होती, जेवणाच्या हॉलची. सोमवारी दुपारी तानी पडवीतून भाकऱ्यांची टोपली घेऊन आत आली आणि दारातच थबकली. मग हसत सुटली.

“बाई, तव्याचा फोटू कशाला लावला?”

स्नेहलबाई स्टुलावर उभ्या राहून दोरी बांधत होत्या. “तवा? कुठला तवा, तानीताई?”

“ह्यो काय. तवा हसलाय.”

बाईंच्या घरी गॅस आला त्याला जमाना झाला, त्यांनी तवा हसताना कधी पाहिला असणार? तानी त्यांना हाताला धरून पडवीत घेऊन गेली. चुलीवरचा भला थोरला लोखंडी तवा तिने फडक्याने धरून उलटा केला. बुडाला काजळी होती आणि त्या काजळीत बारीक बारीक ठिणग्या पेटत होत्या. एक विझायची, तिच्या शेजारी दुसरी लागायची, कुठे रेघ व्हायची, कुठे ठिपक्यांचा पुंजका. सगळा काळा तवा लखलखत होता.

“ह्याला तवा हसला म्हनत्यात,” तानी म्हणाली. “तवा हसला का घरी कोन तरी येतं.”

बाई तव्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “शप्पथ सांगते ताई, हुबेहूब.” आणि दोघी परत हॉलमध्ये येऊन फ्लेक्सपुढे उभ्या राहिल्या. तानीचं हसू मात्र आता ओठातच राहिलं होतं. कोणतरी येतं, हे आपल्याच तोंडून निघालेले शब्द तिच्या कानात बसले होते.

“हा तवा म्हणजे आपली पृथ्वी,” बाई सांगू लागल्या. “वर एक घर फिरतंय, अंतराळ स्थानक म्हणतात. त्यात माणसं राहतात. चारशे किलोमीटर उंचावर. दिवसाला पृथ्वीभोवती सोळा चकरा मारतात. त्यांनी खिडकीतून काढलेला फोटो आहे हा.”

“सोळा येळा डोक्यावरनं जात्यात, आन् एकदाबी आवाज नाय?”

“नाही. कधी कधी संध्याकाळी एक चांदणी सरसर जाताना दिसते ना, न लुकलुकता? ती तीच.”

तानीने ती पाहिली होती. खळ्यावर भात राखताना, कितीतरी वेळा. अंकुश तिला म्हणायचा, विमान हाय. म्हणजे आपण खालून त्यांना बघत होतो आणि ते वरून आपल्याला बघत होते, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. भाकऱ्या निवत होत्या, पोरं ताटं वाजवायला लागली होती, पण तानीचा पाय निघेना.

मग बाईंनी बोट ठेवून ठेवून दाखवलं. ही मुंबई, खाली उजवीकडे, सांडलेल्या निखाऱ्यांचा ढीग जसा. तिच्यापासून वर निघालेली ही दिव्यांची माळ म्हणजे रेल्वे आणि हायवे. माळेतला हा मणी वसई-विरार. मग एक काळी फट, ती वैतरणेची खाडी. पाण्यावर कोण दिवे लावणार? मग पालघर, मग बोईसरचा हा ठसठशीत ठिपका, आणि त्याच्या डावीकडे समुद्राच्या काठाला पांढरा शुभ्र पुंजका, तारापूर. वर वापी, वर सुरत. तानी तारापूरजवळ वाकली. तिथे एका साहेबांच्या घरी तिची बहीण कामाला होती. तिने एकदा सांगितलं होतं, की आपली वीज इथे होते. तानीच्या पाड्यातल्या बल्बाला हे कोणी कळवलेलं नसावं, कारण तो मनात आलं तर लागायचा. वीज माहेरी जन्माला आली आणि नांदायला मुंबईला गेली, असं तानी म्हणाली, आणि बाईंना हसू आवरेना.

त्या दिवसापासून तानीला छंदच लागला. हॉल झाडताना ती फ्लेक्सपुढे आली की झाडू थांबायचा. किती माणसं ही. प्रत्येक ठिपक्याखाली कोणीतरी भात शिजवतंय, कोणी भांडतंय, कोणाचं पोर झोपत नाहीय. आणि वरून आवाज नाही, भांडण नाही, नुसता उजेड. एवढी मोठी पृथ्वी, आणि तिच्या कडेने आभाळाची कशी पातळ हिरवट साय! फुंकर मारली तर निघून जाईल, इतकीच. तानीने आयुष्यात देवळं पाहिली होती, महालक्ष्मीची जत्रा पाहिली होती, पण हात आपोआप जोडले जावेत असं तिला त्या काळ्या फ्लेक्सपुढेच झालं. तिने जोडले मात्र नाहीत, पोरं बघत होती.

तिला विचारायचं वेगळंच होतं आणि ते विचारायची हिंमत होत नव्हती. बुधवारी दुपारी हॉल रिकामा झाल्यावर बाई वह्या तपासत बसल्या होत्या. तानी फडकं पिळत त्यांच्यापाशी आली.

“बाई, ह्याच्यात कराची हाय का?”

स्नेहलबाईंना अंकुशचं माहीत होतं. उद्या त्याचे दिवस घालणार आहेत हेही चिमीकडून कळलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, उठल्या, आणि फ्लेक्सवर सुरतेपासून बोट हळूहळू डावीकडे नेलं. खंबातच्या खाडीची काळी जीभ ओलांडली, काठेवाडच्या किनाऱ्याची बारीक झालर ओलांडली, कच्छचा अंधार ओलांडला. मग बोट थांबलं. मुंबईसारखाच एक ढीग होता. तसेच निखारे, तसाच पिवळा उजेड.

“ही कराची.”

तानी बघत राहिली. मग तिने उजवा हात पसरला. अंगठा बोईसरवर टेकवला आणि करंगळी ताणली. कराची एका वितीवर होती.

“एवढीच?” ती म्हणाली. “बाई, हे एवढंच हाय?”

“फोटोत एवढंच आहे. खरं अंतर पुष्कळ आहे, ताई.”

“असू दे पुष्कळ. एकाच तव्यावर हाय ना?”

तानीचा हात तसाच फ्लेक्सवर होता. दीड वर्ष ती ज्या जागेचा विचार दुसऱ्या कुठल्या तरी चांदाखाली करत होती ती जागा तिच्या हातात मावत होती. तिथेही दिवे लावतात. तिथेही कोणी भाकरी भाजतं. वरच्या खिडकीतल्या माणसाने एकदा पापणी लववली, तेवढ्यात त्याला मोहपाड्याचा डोंगर आणि अंकुशचा तुरुंग दोन्ही दिसले असणार.

“ही भगवी रेघ कशाची?” तिने विचारलं. कच्छच्या वरून एक लांबलचक रेघ वाकडीतिकडी निघाली होती, सगळ्या ठिपक्यांहून वेगळ्या रंगाची.

“ती सरहद्द. कुंपणाला रात्रभर दिवे असतात. सगळ्या पृथ्वीवर माणसांनी काढलेल्या रेघा वरून फारशा दिसत नाहीत. ही दिसते.”

तानीने बोटाने रेघ धरली आणि खाली खाली आणली. खाडीपाशी येऊन रेघ संपली. पुढे समुद्र, काळाकुट्ट. त्यात इथेतिथे बारीक ठिपके होते.

“आन् हे?”

“बोटी असतील. मासेमारीच्या.”

“मग पान्यात रेघ कुठं हाय?”

“पाण्यात दिवे कोण लावणार, ताई? तिथली रेघ नकाशावर असते.”

“म्हंजे त्यानला दिसतच नाय,” तानी म्हणाली. ती चिडली होती, पण कोणावर चिडावं ते तिला सापडत नव्हतं. ती एका ठिपक्यापाशी बोट धरून उभी राहिली. असाच एक दिवा लावून अंकुश तेव्हा जाळं ओढत असेल, आणि त्याच्या पुढेही काळं आणि मागेही काळं.

मग तिने शेवटचं विचारलं. “आमचा पाडा दाखवा.”

बाईंचं बोट बोईसरवरून उजवीकडे गेलं, हायवेवरचं मनोर ओलांडलं आणि काळ्यात थांबलं. जव्हार-मोखाड्याकडे पार नाशिकचा ठिपका येईपर्यंत सगळं काळंच होतं, अधूनमधून एखादी टाचणी टोचल्यागत.

“इथे असेल. पण दिसत नाही.”

“काहीच नाय?”

“ताई, या फोटोत माणसं दिसत नाहीत, फक्त दिवे दिसतात. अंधार म्हणजे रिकामी जागा नाही. तिथला उजेड कॅमेऱ्यापर्यंत पोचला नाही, एवढाच त्याचा अर्थ.”

तानी फडकं घेऊन पडवीत गेली आणि भांड्यांचा ढीग घासायला बसली. बाईंचं वाक्य तिने मनात इतक्या वेळा उलटसुलट केलं, की शेवटी एकच टोप तिने तीनदा घासला.

गुरुवारी दुपारी गोमा आला. धुतलेला सदरा, खांद्यावर टॉवेल, चेहरा दगडाचा. चिमीची पिशवी भरून झाली होती. “चला,” तो म्हणाला, “भगत दिवस मावळायच्या आत येल.”

“बाबा, आधी एक बघा,” तानी म्हणाली.

“आता काय बघायचं ऱ्हायलंय?”

“बघा तरी. नंतर तुमी म्हनाल ते करते.”

हे शेवटचं वाक्य तानीच्या तोंडून गोमाने लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं. तो मुकाट्याने हॉलमध्ये आला. फ्लेक्सपुढे उभा राहिला, आणि हळूच त्याने पायातली चप्पल काढली. कोणी सांगितलं नव्हतं. स्नेहलबाई बाजूला उभ्या होत्या, पण बोलली ती तानीच. मुंबई दाखवली, बोईसर दाखवलं. मग वीत पसरून कराची दाखवली. म्हातारा वाकून बघत राहिला. आपल्या हाताचा अंगठा त्याने बोईसरवर टेकवला. त्याचा पंजा मोठा होता, करंगळी कराचीच्याही पुढे गेली.

“तुमीच म्हनाला होता ना, का खबर येत नाय म्हंजे तो मेला?” तानी म्हणाली. “आता मोहपाडा शोधा.”

“कुठं हाय?”

“इथं.” तिने त्याचं बोट धरून काळ्यात टेकवलं.

गोमाने डोळे बारीक केले. “इथं तर काय नाय.”

“वरच्या मानसालाबी असंच वाटलं असंल. इथं काय नाय, कोन नाय. मग बाबा, आपन मेलो काय? आपले दिवस कोनी घातले?”

गोमाने बोट उचललं नाही. मग त्याने ते थोडं सरकवलं. “मंग इथं भुताचा माळ येल,” तो पुटपुटला. आणखी सरकवलं. “हितं सुकाचा पाडा. ही खिंड. हितं माझ्या बहिणीचं सासर.” त्या काळ्या रंगात तो गावामागून गाव, पाड्यामागून पाडा ठेवत गेला, मेलेली-जिती माणसं आठवत गेला, आणि स्नेहलबाई बघत राहिल्या. भैयाला जी जागा फुकट जाताना दिसली होती ती सगळी माणसांनी भरलेली निघाली. खाली उजेडात होती त्याहून जास्त माणसं त्या अंधारात असावीत, असं त्यांना क्षणभर वाटलं.

“खबर नाय म्हंजे उजेड पोचला नाय,” तानी म्हणाली. “एवढंच. बाईनी सांगितलंय. माझ्या पदरचं नाय.”

गोमा वळला. त्याने चप्पल घातली, चिमीची पिशवी उचलली आणि चालायला लागला. तानीने शब्द दिला होता, ती मागोमाग निघाली.

जीपमध्ये म्हातारा चिमीची पिशवी मांडीवर घेऊन बसला. मनोर गेलं, हायवे गेला, फाट्यावर तिघं उतरली आणि पायवाटेला लागली. दिवस मावळला होता. खिंडीपाशी चढ संपतो तिथे गोमा दम घ्यायला दगडावर बसला. पश्चिमेला, खाली लांबवर, बोईसरच्या अंगाला आभाळ पिवळट झालं होतं. खालच्या अंगाला मोहपाड्यातल्या दोनचार चुली दिसत होत्या. गोमाच्या अंगणात माणसं जमली होती, आणि मधोमध पांढरं डोकं होतं ते भगताचं.

“तानी,” गोमा म्हणाला, “मला त्याला मारायचा नव्हता गं. मेला म्हनलं का माणूस रडतो आन् मोकळा होतो. हाय म्हनलं का रोज वाट बघावी लागते. माझ्याच्यानं नाय होत आता वाट बघनं.”

दीड वर्षात तानी रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. चिमी घाबरून आईला चिकटली. तानीने तिला कुशीत घेतलं आणि तशीच रडत म्हणाली, “माझ्याच्यानंबी नाय होत, बाबा. तरी बघते.”

गोमाने पिवळ्या आभाळाकडे पाहिलं. मग उठला.

“कराची कुठल्या अंगाला?”

तानीने डोळे पुसले, बोईसरचा उजेड बघून अंदाज घेतला आणि वायव्येला हात केला.

आता डोंगरातली एक रीत सांगायला हवी. इथे माणूस लांबच्या शेतात असला की खिंडीतून हाळी घालून त्याला बोलावतात, आणि ती हाळी तीन टेकड्यांपलीकडे जाते. पण तिन्हीसांजेला मेलेल्या माणसाला कोणी नावाने हाक मारत नाही. चुकूनही नाही. भगतसुद्धा नाही.

गोमाने दोन्ही हात तोंडाशी धरले, वायव्येकडे तोंड केलं आणि छाती फुटेस्तोवर हाळी घातली.

“अंकुऽऽऽश! ए अंकुऽऽऽश!”

आवाज डोंगरावर आपटला, परत आला, आणि खाली पाड्यात गेला. अंगणातली माणसं एकदम उठून उभी राहिली. ते पांढरं डोकंही उठलं.

चिमीने आज्याचा सदरा ओढला. “आज्या, बा ऐकल काय?”

“तो नाय ऐकायचा पोरी, लई लांब हाय,” गोमा म्हणाला आणि उताराला लागला. “भगताला ऐकू गेलं म्हंजे झालं.”